४१८ ओळींची वही

या ग्रुपवर बरेच दिवस नुसती वाचते आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडच्या आठवणी वाचून झाल्या. बडोद्याचं कोणी लिहीत नाही म्हणून कुरकुर करत होते, तर हे म्हणाले, मग तूच लिही. म्हणून आज लिहिते. विषय थोडा विचित्र आहे. सासूबाईंची वही आणि कॉम्प्युटरचा प्रोग्राम. कंटाळू नका, प्रोग्रामचं जेवढं मला कळलं तेवढंच सांगणार आहे.

गेल्या वर्षी आम्ही दांडिया बझारमधला वाडा सोडायचं ठरवलं. सामान आवरताना माळ्यावर एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी मिळाली. इथले व्यापारी दिवाळीला पुजतात ना, तसली. आत हिशोब नव्हता, शब्द होते. प्रत्येक ओळीला नंबर, मग एक गुजराती शब्द बाळबोध अक्षरात, मग आडवी रेघ, मग अर्थ. शेवटचा नंबर ४१८.

सासूबाई सांगलीच्या. १९५७ साली लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. तेव्हा सांगली आणि बडोदा दोन्ही मुंबई राज्यातच होती. १ मे १९६० ला त्या चुलीपुढून हलल्यासुद्धा नाहीत आणि माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात असं झालं. मी त्यांना पाहिलं ते १९८२ पासून. तोवर त्या पक्क्या बडोदेकर झाल्या होत्या. खंडेराव मार्केटात भाजीवालीशी अशा काही हुज्जत घालायच्या की तिलाच माघार घ्यावी लागे. मी नाशिकची. मला पहिली दोन वर्षं 'केम छो'च्या पुढे काही यायचं नाही. कामवाल्या बाईला मी 'पाणी सांडलं' म्हणाले की ती माझ्याकडे बघत राहायची, आणि आतून सासूबाईंचा आवाज यायचा, 'ढोळाई गयुं म्हण!' वर हे असायचंच, 'इथे राहायचं तर इथलं बोलायचं. मी बाई कधी अडखळले नाही.'

ते 'मी कधी अडखळले नाही' माझ्या मनात बरीच वर्षं सलत होतं. खरं सांगते, त्या २०११ साली गेल्या त्यानंतरही.

तर ही वही. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. नव्या फ्लॅटमध्ये मांजलपूरला जागा बेताचीच. मी ठरवलं की शब्द सगळे कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि वही पस्तीत द्यायची. (रद्दीला आम्ही बडोद्याचे मराठी लोकही पस्तीच म्हणतो. पुण्याच्या पाहुण्यांना कळत नाही.) माझी नात टोरांटोला आठवीत आहे. तिला शाळेत पायथन शिकवतात आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती मला शिकवते. मी बॅंकेत ३१ वर्षं काढली. लेजर हाताने लिहिली, मग कॉम्प्युटर आला तेही शिकले, त्यामुळे भीती नाही. नात म्हणाली, 'आजी, हे तर डिक्शनरीच आहे. पायथनमध्ये पण डिक्शनरीच असते.'

पायथनची डिक्शनरी म्हणजे आपला छापील कोश नव्हे. तिथे जोड्या असतात. डावीकडे असते ती 'की' आणि उजवीकडची 'व्हॅल्यू'. मी मनात किल्ली आणि ऐवज अशी नावं दिली. किल्ली दिली की आतला ऐवज हातात येतो, सगळं कपाट उपसावं लागत नाही. वहीला हे अगदी बसणारं होतं. शब्द ही किल्ली, अर्थ हा ऐवज.

मी टाइप करायला बसणार तोच मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा, मग महिन्याने दुसरा. स्क्रीन बंद. तेव्हा वही घातली ती ह्यांनी. हे कारखान्यातून निवृत्त, शिस्तीचा माणूस. रोज संध्याकाळी चहानंतर एक पान. शब्द अवतरणात, मग दोन टिंबं, मग अर्थ अवतरणात, मग स्वल्पविराम. एक स्वल्पविराम चुकला की अख्खा प्रोग्राम रुसतो, म्हणून हे भिंग घेऊन तपासायचे. मी बाजूला डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून बसलेली. मी विचारायचे, 'काय लिहिलंय आईंनी?' हे म्हणायचे, 'शब्द आहेत.' एवढंच.

डोळे उघडले, नवा चष्मा आला आणि मी पहिला लूप लिहिला. लूप म्हणजे एकामागून एक सगळ्यांकडे जाऊन यायचं, हळदीकुंकवाला घरोघर बोलावणं करतो तसं. प्रोग्राममधली नावं मराठीत ठेवता येतात हे मला फार आवडलं. डिक्शनरीचं नाव मी 'वही' ठेवलं. लिहिलं, 'फॉर शब्द इन वही', खाली चार जागा सोडून 'प्रिंट शब्द'. पडद्यावर सरसर शब्द आले. शाक, भाजी, आवजो, ढोळाई गयुं... पण नुसते शब्दच! अर्थ एकाचाही नाही. नात हसायला लागली. डिक्शनरीवरून नुसता लूप फिरवला तर ती फक्त किल्ल्या देते, ऐवज देत नाही. म्हणजे किल्ल्यांचा जुडगा हातात आणि कपाट बंदच.

मग तिने 'वही.व्हॅल्यूज' सांगितलं. त्याने नुसते अर्थ आले. 'भाजी.' 'फक्त पालेभाजी.' 'सांडलं.' कशाचा अर्थ ते नाही. देवळाबाहेर चपला दिसाव्यात आणि माणसं दिसू नयेत तसं झालं.

शेवटी 'वही.आयटेम्स'. हे जोडी देतं. 'फॉर शब्द, अर्थ इन वही.आयटेम्स' असं लिहिलं की प्रत्येक फेरीत डावा हात शब्दात, उजवा हात अर्थात. आता ओळी नीट आल्या. शाक म्हणजे भाजी. भाजी म्हणजे फक्त पालेभाजी. इथे गुजरातीत बटाट्याचंही 'शाक'च, 'भाजी' म्हणजे मेथी-पालक तेवढीच. नव्या सुनेने बाजारात 'बटाट्याची भाजी करायचीय' म्हटलं तर लोक हसणारच.

मध्ये एक फजिती. वहीत काही शब्दांपुढे अर्थाची जागा कोरी होती. मी म्हटलं, लूप फिरताफिरताच कोऱ्या ओळी काढून टाकू. प्रोग्राम मध्येच थांबला आणि लाल अक्षरात ओरडला की फेरी चालू असताना डिक्शनरीचा आकार बदलला. नातीने उपाय सांगितला, आधी सगळ्या किल्ल्यांची वेगळी यादी करून घ्यायची आणि मग त्या यादीवरून फिरायचं. मला लगेच सासूबाई आठवल्या. पंगत बसली की पाट हलवायचा नाही, कोणी आलं-गेलं तर ते पुढच्या पंगतीला, हा त्यांचा दंडक होता. कोऱ्या ओळी मग राहू दिल्या. शब्द तरी त्यांनी लिहिलाय ना.

आता मूळ गोष्ट.

बुधवारी पस्तीवाला येणार होता. मंगळवारी रात्री मी सगळी वही पडद्यावर छापून निवांत वाचायला बसले. तिसरी ओळ अशी आली: 'आवजो – अमेरिकेला जाणाऱ्यालाही हेच म्हणायचं.'

आवजो म्हणजे निरोप घेताना म्हणतात ते. शब्दशः 'या'. आपण निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो ना, त्याचीच बहीण. अर्थात मला काही शंका नव्हती. पण तिसरी ओळ म्हणजे पहिलं पान. १९५७. आमच्या घरातून अमेरिकेला गेले ते धाकटे भाऊजी, १९८८ साली. पहिल्या पानावर अमेरिका कुठून आली?

आधी वाटलं, डिक्शनरीने क्रम उलटापालटा केला असेल. रात्रीच नातीला मेसेज केला (तिच्याकडे दुपार). ती म्हणाली, जुन्या पायथनमध्ये क्रमाचा भरवसा नसायचा, पण ३.७ पासून ज्या क्रमाने घालाल त्याच क्रमाने लूप फिरतो. मग तिने विचारलं, 'आजी, एकच शब्द दोनदा घातलाय का? तसं केलं तर जागा पहिलीच राहते, पण व्हॅल्यू शेवटची राहते.'

मी 'लेन' करून मोजलं. लेन म्हणजे डिक्शनरीत किती जोड्या आहेत ते. आकडा आला ३९१.

वहीत ४१८. पडद्यावर ३९१. बॅंकेत एक रुपयाचा फरक आला तरी आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बसलोय, इथे २७ ओळींचा फरक! मी ह्यांना उठवलं. 'तुम्ही ओळी गाळल्यात.' हे उठून बसले. 'एकही गाळलेली नाही. ४१८ घातल्यात.' थोडी वादावादी झाली. मग फाइल उघडली, तर खरंच, सगळ्या ४१८ ओळी तिथे होत्या. प्रोग्रामने वाचताना २७ गिळल्या होत्या. एकाच किल्लीला दुसरा ऐवज आला की पहिला बाहेर फेकला जातो. इशारा नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. स्वल्पविराम चुकला तर आकांडतांडव, आणि हे मात्र गुपचूप.

मला माझीच लाज वाटली. बॅंकेत पहिल्या दिवशी शिकवतात की नाव ही ओळख नाही, खाते क्रमांक ही ओळख. एकाच नावाची दहा माणसं असतात. आणि पासबुकात नुसती शिल्लक लिहून भागत नाही, प्रत्येक नोंद लागते. मी सासूबाईंच्या वहीची शिल्लक तेवढी ठेवली होती आणि पासबुक दुसऱ्या दिवशी पस्तीत देणार होते.

त्या रात्री मी पहिल्यांदा वही स्वतः, कागदावर वाचली. नंबर ३:

'आवजो – जाणाऱ्याला म्हणतात. म्हणजे "या". मला अजून कोणी म्हटलं नाही. मी कुठे जातच नाही.'

मग नंबर ११८: 'आवजो – शेजारच्या बा रोज म्हणतात. बरं वाटतं.' आणि खूप पुढे, वेगळ्या शाईत, ४०२ ला ती अमेरिकेची ओळ.

एकोणीस वर्षांची मुलगी, सांगलीहून आलेली, वाड्याच्या बाहेर न पडणारी. हिला मी कधी भेटलेच नव्हते. मला भेटल्या त्या ४०२ नंबरच्या ओळीच्या आसपासच्या.

२३ शब्द असे निघाले की जे त्यांनी पुन्हा लिहिले होते, त्यातले चार तीन-तीनदा. विसरून लिहिले असतील असं मला वाटत नाही. आधीचा अर्थ खोडलेला एकदाही नाही. बदलला तसा पुढे लिहीत गेल्या. 'भाखरी' बघा. आधी, 'भाखरी – नावाला भाकरी. गव्हाची, कडक. ज्वारी इथे कोणी खात नाही का?' आणि शंभरेक ओळींनंतर, 'भाखरी – चहाबरोबर हीच बरी. ह्यांना शिळी आवडते.' ज्वारीचं नावच नाही.

पण सगळ्यात जास्त मी थांबले ती 'सांभळ' पाशी. गुजरातीत सांभळ म्हणजे ऐक. मराठी कानाला ते सांभाळ वाटतं. पहिली नोंद: 'सांभळ – ऐक. मला वाटे सगळे मला काहीतरी सांभाळायला सांगतात. आठ दिवस घाबरून होते, काय सांभाळायचं?' शेवटची नोंद, थरथरत्या अक्षरात: 'सांभळ – आता मलाच दोनदा सांगावं लागतं.' लूपमध्ये हीच दिसत होती. आणि मधली, जी ना पहिली ना शेवटची:

'सांभळ – सूनबाईचाही हाच घोटाळा झाला. हसू आलं. दाखवलं नाही.'

मंडळी, तो घोटाळा मला लख्ख आठवतो. १९८२ चा पावसाळा. शेजारच्या काकींनी 'सांभळ ने' म्हटलं आणि मी त्यांच्या हातातलं बाळ घ्यायला हात पुढे केले. काकी दचकल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या, चेहरा दगडासारखा. त्या दिवशी मी आत जाऊन रडले होते.

मी ह्यांना विचारलं, 'तुम्ही हे वाचलं होतंत?' म्हणाले, 'घालताना वाचलंच की.' 'मग मला सांगितलं का नाही?' हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'मला वाटलं, डोळे बरे झाले की तू वाचशील. तिचं तिच्याच अक्षरात वाचलेलं बरं.' मी पुढे काही बोलले नाही. पस्तीत द्यायचं ठरवलं होतं ते मीच.

बुधवारी पस्तीवाला आला. वर्तमानपत्रं दिली, दिवाळी अंक दिले (ते देतानाही जीव तुटला, पण इलाज नव्हता). वही कपाटात गेली.

प्रोग्राम मात्र दुरुस्त करायचाच होता. नात म्हणाली, शब्दाऐवजी ओळीचा नंबर किल्ली कर, म्हणजे ४१८ च्या ४१८ राहतील. बॅंकेच्या हिशोबाने ते बरोबर. पण मग आवजो तीन ठिकाणी विखुरणार, आणि मला तर ते तिन्ही एकाखाली एक हवे होते. तेव्हा मला सासरे सांगायचे तो कोश आठवला. बडोदा सरकारने १९३१ साली, सयाजीराव महाराजांच्या काळात, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढला होता. कारभारातला एक इंग्रजी शब्द, आणि त्याच्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द. एक किल्ली आणि आत सात ऐवज, कोणी कोणाला ढकलून बसलेला नाही. आमच्या गावात हे आधीच करून ठेवलं होतं की.

तसंच केलं. व्हॅल्यूच्या जागी एक अर्थ न ठेवता अर्थांची यादी ठेवली. ह्यांच्या ४१८ ओळी आधी साध्या जोड्या म्हणून एकाखाली एक मांडल्या, डिक्शनरी म्हणून नाही. मग प्रत्येक जोडी घेऊन प्रोग्रामला सांगायचं की हा शब्द वहीत नसेल तर त्याच्या नावाने एक रिकामी यादी ठेव, आणि मग हा अर्थ त्या यादीच्या शेवटी जोड. पायथनमध्ये याला 'सेटडिफॉल्ट' आणि 'अपेंड' म्हणतात, एका ओळीत होतं. वाचताना लूपमध्ये लूप. बाहेरचा शब्दांवरून फिरतो, आतला त्या शब्दाच्या अर्थांवरून. एकदा परत फसले. एका शब्दामागे चुकून मोकळी जागा पडली होती, तर प्रोग्रामने तो वेगळाच शब्द धरला आणि आकडा ३९२ झाला. जागा पुसली, ३९१ झाला. अर्थ सगळे मोजले, ४१८. त्या रात्री मला बॅंकेत ताळेबंद जुळल्यावर यायची तशी झोप आली.

रविवारी नातीला वाचून दाखवलं. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. आवजोचे तिन्ही ऐकून म्हणाली, 'आजी, पण यातला बरोबर कुठला?' मी म्हटलं, परीक्षेत विचारलं तर पहिल्यातलं मधलं वाक्य लिही. मग तिने विचारलं, 'पणजी कुठेच का जात नव्हती?' ते सांगण्यात अर्धा तास गेला आणि पायथन राहूनच गेलं.

जानेवारीत वाडा सोडला. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा. शेजारच्या बांची सून, जी आता स्वतःच बा झाली आहे, ओटल्यावर आली. समोरचा इस्त्रीवाला, दूधवाला, कोपऱ्यावरचा सेव-उसळवाला, सगळे. सगळ्यांनी तेच म्हटलं.

मांजलपूरला आल्यावर पहिल्या संध्याकाळी खोकी तशीच ठेवून वही काढली आणि शेवटच्या ओळीखाली पेनने लिहिलं:

'४१९. आवजो – वाडा सोडताना सगळी गल्ली म्हणाली. या वेळी जाणारे आम्ही होतो.'

ह्यांनी चष्मा लावून ती ओळ फाइलमध्ये घातली, स्वल्पविराम तपासला. प्रोग्राम पुन्हा चालवला. शब्द ३९१च राहिले. आवजोखाली आता चार ओळी येतात.